‘बेस्ट’ कोणापेक्षा?

सायखेड्याच्या बाजारात कांदा ‘बेस्ट’, चहा ‘बेस्ट’ आणि मुलाचे मार्कही ‘बेस्ट’! गुड, बेटर, बेस्ट ही तुलनेची शेवटची पायरी. आपला ‘उत्तम’ही मुळात तसाच, वापरून झिजला, म्हणून आपण ‘सर्वोत्तम’ म्हणू लागलो. पण मुलाला ‘पहिलाच ये’ म्हणताना शेजारच्या मुलाने मागे पडावे, असेच आपण मागत नाही का?

इंग्रजीतच दुसरा अर्थ आहे. ‘डू युवर बेस्ट’, म्हणजे आपल्या शक्तीची शर्थ कर. तिथे कोणाला हरवायचे नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले, तेव्हा कोणाची मदत सर्वांत मोठी, हे मोजून काय साधले असते? मुलांनाही आपण एवढेच विचारू या : तुला जमेल तेवढे केलेस ना?