माळेची लाज



माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून पंढरीस जाते. त्या वाटेवरची मुले आता सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत शिकतात. कीर्तन आटोपले की त्यांतलीच काही आमच्याजवळ येतात आणि हळूच विचारतात, ‘महाराज, पोरं माळेला हसतात. “काय बुवा, टाळ कुठाय?” म्हणतात. माळ सदऱ्याच्या आत घालावी काय?’

प्रश्न लहान नव्हे. आज माळ आत गेली, तर उद्या माळ घालणाऱ्या आईबापांचीच लाज वाटू लागेल. साताऱ्यात जे, तेच सातासमुद्रापलीकडे. 2023 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळात हिंदुद्वेषाचा निषेध करणारा ठराव झाला. त्यात विद्यापीठांतील काही विद्वानांकडेही बोट होते.

मग काय, हातघाईवर यावे? छे! शास्त्राची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष नीट समजून घ्यावा, मग उत्तर द्यावे. हसणारे दोन प्रकारचे. एक अज्ञानाने हसतो. त्याला माळेचा अर्थ सांगा. विद्या आणि माळ यांचे वैर नाही. सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि कीर्तनही करीत.

दुसरा खोचून विचारतो, ‘तुमच्या धर्मात समता कुठे आहे?’ त्याच्यावर ओरडू नका. अस्पृश्य म्हणवलेल्या भक्तांसाठी पंढरीचे मंदिर उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हे खरे आहे. खरे मान्य केल्याने धर्म उणा होत नाही, लपवल्याने होतो.

यावर आपल्या मातीतलाच दृष्टांत घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन, घराणे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवड्याचे. कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर ‘आंघोळ करून आत ये’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नाकारले आणि स्वतःचे वसतिगृह गमावले. पण त्यांनी मनात सूड धरला नाही. 1924 साली साताऱ्यात त्यांनी असे वसतिगृह काढले, जिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवली. अपमानाचे असे अन्न करता आले पाहिजे!

तेव्हा बाळांनो, माळ वरच असू द्या. शिकवणाराच हिणवीत असेल, तर प्राचार्यांना लेखी कळवा. घटनेच्या 25 व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, ते मागण्यात भीती कसली? पण एक ध्यानात ठेवा. खोलीतल्या मुसलमान किंवा बौद्ध मुलाला कोणी ताटावरून, नावावरून हिणवले, तर त्याच्या बाजूने पहिला उभा राहणारा माळकरी असावा. चोखोबा आणि शेख महंमद ज्या संतमेळ्यात आहेत, त्याच मेळ्याची ही माळ आहे. स्वतःच्या अपमानाला रडणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचा अपमान ज्याला सोसवत नाही, त्यानेच माळेची लाज राखली.

रामकृष्णहरी!