दिसणें आणि समजणें

बाकावर कागदाचा चौकोन ठेवावा, त्यावर टॅबलेट धरावा, आणि पडद्यावर त्या कागदांतून धडधडणारें हृदय वर यावें : ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात ती हीच. १९६८ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं डोक्यावर चढविण्याच्या यंत्रांतून समोरच्या खोलींत तरंगणाऱ्या रेषाकृति दाखविल्या, तेव्हांपासूनची ही विद्या. आज ती शाळेंत आली आहे, आणि शिक्षकांत दोन तट पडले आहेत.

एक पक्ष विचारतो, फळ्यावरील सपाट आकृतीवरून हृदयाचे चार कप्पे ज्याला उमगत नाहींत, त्या मुलाला हें दर्शन नाकारण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. कल्पनाशक्तीचे गोडवे बहुधा ती ज्यांना उपजत लाभली तेच गातात, आम्हीहि त्यांतलेच.

दुसरा पक्ष खर्चाची व गोंगाटाची तक्रार करतो, ती असो. परंतु त्याचा एक आक्षेप टाळतां येत नाहीं. हृदय फिरवून पाहणारा मुलगा ‘समजलें’ म्हणतो. पडदा मिटवून ‘आतां काढून दाखव’ म्हटलें कीं पेन्सिल थबकते. पाहिल्याचें समाधान आपण त्याला ज्ञान म्हणून दिलें, ही फसवणूकच नव्हे काय? शिवाय गूगलनें २०२१ सालीं ‘एक्स्पिडिशन्स’ बंद केलें, तेव्हां त्यावर बेतलेले पाठहि निरुपयोगी झाले. खडूचें असें होत नाहीं.

आमच्या मतें मुलानें आधीं चुकीचें कां होईना, हृदय स्वतः काढावें. मग यंत्रांतलें पाहावें, आणि आपली चूक आपणच शोधावी. यास एकाऐवजीं दोन तास लागतील. अभ्यासक्रमाच्या घाईंत शिक्षकानें तो दुसरा तास आणावा कोठून, हें सांगण्याचें धाडस मात्र आम्हांस होत नाहीं.