जीर्णोद्धार झालेले रान

मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यान १९६० साली, पोर्तुगीज अमलात घोषित झाले. १९७७ ते १९९२ या काळातील यादवी युद्धात मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी इथे बेसुमार शिकार झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक मोठे प्राणी संपले. २००८ साली मोझांबिक सरकार आणि अमेरिकेतील कार फाउंडेशन यांनी वीस वर्षांचा करार केला. रानम्हशी बाहेरून आणल्या, २०१८ मध्ये रानकुत्रेही आले. उरेमा सरोवराच्या काठच्या गवतात आज वॉटरबक हजारोंनी चरतात.

याला जीर्णोद्धार म्हणावे का? देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्ती नवी बसवली, तरी प्राणप्रतिष्ठेनंतर देव तोच, अशी श्रद्धा असते. रानाच्या बाबतीत हे समाधान अपुरे पडते, कारण इथे जुन्यातले काही जिवंत उरले आहेत. युद्धापूर्वी इथल्या सुमारे अठरा टक्के हत्तिणी जन्मतःच बिनसुळ्याच्या होत्या. युद्धानंतर हे प्रमाण वाढून जवळपास पन्नास टक्क्यांवर गेले. सुळेवाल्यांना गोळी लागली, बिनसुळ्याच्या वाचल्या आणि हा गुण मुलींकडे गेला. युद्ध संपल्यावर जन्मलेल्या माद्यांतही साधारण तिसरा हिस्सा बिनसुळ्याच्या आहेत. या गुणाचे जनुक नर गर्भाला बहुधा घातक ठरते, असे संशोधकांचे मत आहे. सुळ्यांनी साल सोलायची, जमीन उकरायची, ती कामे या हत्तिणींना जमत नाहीत. म्हणजे शिकाऱ्याची निवड रानाच्या रक्तात उतरली.

धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप करणाऱ्याने घ्यायचे असते. इथे मारणारे वेगळे, खर्च करणारे वेगळे, आणि भोगणारे तिसरेच. शिवाय मारणाऱ्यांतले कित्येक स्वतः उपाशी होते. त्यामुळे संवर्धनाला ऋणफेड म्हणणे बरोबर नाही. मेलेल्यांचे ऋण फिटत नाही. जे उरले त्यांच्याविषयीचे ते कर्तव्य आहे, आणि त्यात भोवतालची माणसेही येतात. गोरोंगोसा पर्वतावर गावकरी देशी झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात, तोडलेले वर्षावन पुन्हा लावतात. रान राखण्यात पोटापाण्याचा विचार नसेल, तर ते राखणे अन्यायाचेच ठरेल.

पाहुण्याचे कर्तव्य त्याहून साधे आहे. युद्ध पाहिलेल्या काही हत्तिणी अजून हयात आहेत आणि कळपाला माणसाचे भय शिकवतात. गाडी दिसताच त्या अंगावर धावून येतात. अशी हत्तीण कान पसरून वाटेत उभी राहिली, तर छायाचित्राचा मोह सोडावा आणि गाडी मागे घ्यावी.