क्षमा कुणी करायची आणि कुणाच्या वतीने?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या महिन्याच्या चिंतनाचा विषय 'क्षमा' आहे. आपल्या ग्रुपवर एका तरुण साधकाने एक प्रश्न टाकला होता. "फसवणाऱ्यालाही क्षमा करावी असं आपण म्हणतो. मग एखाद्या कंपनीने लोकांना फसवलं आणि सरकार तिच्याकडूनच खरेदी करत राहिलं, तर ती क्षमाच झाली ना? मग आपण जाब कशाला विचारायचा?" त्यावर बऱ्याच जणांनी 'करील तो भरील' असं लिहिलं आणि विषय मिटला. पण मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. खरं घडलेलं एक उदाहरण घेऊन बघू या.

*काय घडलं होतं?*

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या जर्मन कंपनीला नोटीस दिली. कंपनीने डिझेल गाड्यांच्या संगणकात असं सॉफ्टवेअर घातलं होतं, की आपली तपासणी चालू आहे हे गाडीला कळायचं. स्टिअरिंग फिरतंय का, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, यावरून ते ओळखायचं. तपासणीत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा नीट चालायची. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रणा ढिली पडायची, आणि नायट्रोजन ऑक्साइड हा वायू ठरलेल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडायचा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्यातल्या ८५ लाखांच्या आसपास युरोपात होत्या.

काळा धूर निदान दिसतो, आपण नाकाला पदर लावतो. हा वायू असा सहज लक्षात येत नाही. पण त्याने श्वासनलिकेला सूज येते, दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, आणि लहान मुलांना जास्त बाधतो.

हे पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने. अरविंद तिरुवेंगडम हे भारतीय वंशाचे संशोधक त्यात होते. गाडीच्या डिकीत मोजणीचं यंत्र ठेवून त्यांनी गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. तीन गाड्या तपासल्या, त्यातल्या दोन फोक्सवॅगनच्या होत्या, आणि त्यांचे आकडे जुळेनात. ही मंडळी काही चोर शोधायला निघाली नव्हती. आकडा जुळत नाही तर का जुळत नाही, एवढं त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. २०१४ मध्ये अहवाल आला आणि पुढे सगळं उघड झालं.

*राखणदार कुठे होते?*

कंपनीची लबाडी सगळ्यांना माहीत झाली. पण बरं का, गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेत कंपनीला अब्जावधी डॉलर भरावे लागले. युरोपात मात्र गाड्या कितीतरी जास्त असूनही पुष्कळ सरकारं गप्प राहिली. तेव्हा युरोपीय आयोगाने ८ डिसेंबर २०१६ रोजी सात देशांच्या *सरकारांनाच* नोटिसा पाठवल्या. चेक प्रजासत्ताक, ग्रीस आणि लिथुआनिया यांनी अशा फसवणुकीसाठी कायद्यात दंडाची नीट सोयच केली नव्हती. जर्मनी, ब्रिटन, स्पेन आणि लक्झेंबर्ग यांच्याकडे कायदा होता, पण त्यांनी तो वापरला नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. आपल्या चौकशीतली तांत्रिक माहिती पूर्ण दिली नाही, हा ठपकाही जर्मनी आणि ब्रिटनवर होता.

त्यातही जर्मनीतली एक गोष्ट विचार करायला लावते. लोअर सॅक्सनी या राज्याचा कंपनीत २० टक्के मताधिकार आहे, आणि राज्याचे मुख्यमंत्री कंपनीच्या देखरेख मंडळावर बसतात. म्हणजे ज्याने राखण करायची, तोच भागीदार. अशा माणसाची नियत चांगली असली तरी त्याचा हात जड होतो.

म्हणून 'करील तो भरील' एवढं म्हणून भागत नाही. ज्याने केलं त्याचं कर्म त्याच्यापाशी. पण बघूनही जो गप्प बसला, त्याचं गप्प बसणं हेही कर्मच आहे ना?

*क्षमेचा अधिकार*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या जावेने मला दुखावलं, मी क्षमा केली, तर ती माझी साधना. पण माझ्या शेजारणीला कुणी फसवलं आणि मीच म्हटलं, "जाऊ दे, मी त्याला माफ केलं," तर शेजारीण काय म्हणेल? "बाई गं, पैसे माझे गेले, माफ करणारी तू कोण?" *क्षमा करण्याचा अधिकार ज्याला दुखापत झाली त्याचा.* दुसऱ्याच्या वतीने, तेही त्याला न विचारता, क्षमा होत नाही. ती एक तर सोय असते, नाही तर भीड.

सरकारचं तसंच आहे. सरकार बस, रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या घेतं ते लोकांच्या पैशाने. धूर गेला तो लोकांच्या छातीत. मग झालं गेलं विसरून जाऊ, असं म्हणण्याचा हक्क खरेदी खात्यातल्या साहेबांना कुठून आला?

आपल्या इंदूरकरांना तर हे शिकवायला नको. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरं, अन्नछत्रं उभी केली, पण दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून केला. दौलतीचा खजिना वेगळा ठेवला. आपल्या पैशात उदारपणा, लोकांच्या पैशात हिशेब. हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

*मग कायमचं वाळीत टाकायचं का?*

नाही. एक आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. कंपनी म्हणजे काही चार साहेब नव्हेत. हजारो कामगारांच्या चुली तिच्यावर पेटतात, आणि त्यांनी लबाडी केलेली नसते. म्हणूनच युरोपच्या २०१४ च्या सरकारी खरेदीच्या कायद्यात मला एक फार चांगली तरतूद वाटते. गंभीर गैरवर्तन केलेल्या कंपनीला सरकारी खात्यं निविदेतून वगळू शकतात. पण कंपनीने तीन गोष्टी दाखवल्या तर तिला परत येता येतं. झालेलं नुकसान भरून द्यायचं किंवा तशी हमी द्यायची, तपास करणाऱ्यांना सगळं खरं सांगायचं, आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून आत खरोखर बदल करायचे.

वाचताना वाटलं, हे तर आपलं प्रायश्चित्त! भरपाई, कबुली आणि वर्तनात बदल. नुसतं "चुकलं हो" म्हणणं याला आपल्याकडेही प्रायश्चित्त म्हणत नाहीत.

असं घडू शकतं, याचे दाखले आहेत. मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाल्यावर अमेरिकेने २०१२ मध्ये बीपी कंपनीला नवी सरकारी कंत्राटं देणं थांबवलं. २०१४ मध्ये देखरेखीच्या अटी घालून बंदी उठवली. फोक्सवॅगनने स्वतः युरोपीय गुंतवणूक बँकेशी २०१८ च्या डिसेंबरात समझोता केला. त्यात बँकेच्या प्रकल्पांपासून अठरा महिने दूर राहण्याचं आणि पर्यावरणासाठी एक कोटी युरो देण्याचं कबूल केलं.

*आपल्या घरापर्यंत*

हे सगळं परदेशातलं, असं म्हणू नका. भारतात कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचं जाहीर केलं, ते पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर. पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागणाऱ्यांत एक शाळेतल्या शिक्षिका होत्या. मार्च २०१९ मध्ये लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. भारतातला नियम आम्ही मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली. निकाल काहीही लागो, एक शिक्षिका प्रश्न घेऊन उभी राहू शकते, हे तर दिसलं. आणि आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना खऱ्या रस्त्यावरच्या धुराची मर्यादा लागू झाली.

आपण काय करू शकतो? माहिती अधिकाराचा अर्ज बहुतेक ठिकाणी दहा रुपयांत होतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या पालिकेने बस आणि कचरागाड्या कुणाकडून घेतल्या? निविदेत कंपनीच्या आधीच्या दंडांची माहिती मागितली होती का? पालिकेच्या गाड्यांचं पीयूसी चालू आहे का? बेळगाव असो, बडोदा असो की पणजी, हे तीन प्रश्न कुठेही विचारता येतात. आणि हो, गाडी न नेता पीयूसीचा कागद आणणं आपल्या घरात चालत असेल, तर आधी ते थांबवू या. खोट्या तपासणीचा तो छोटा भाऊच आहे.

अर्ज लिहिताना मात्र भाषा शांत असावी. जाब विचारणं म्हणजे भांडण नव्हे. ज्याला विचारतो तोही आपल्यासारखाच चुकणारा जीव आहे. मनात त्याच्याविषयी वैर ठेवू नये, आणि वैर नको म्हणून प्रश्नही गिळू नये. दोन्ही एकदम साधणं अवघड आहे, पण साधना म्हणतात ती हीच.

आपल्याला काय वाटतं, ते रविवारच्या सत्संगात जरूर मांडा.

आपली एक गुरुभगिनी,
इंदूर 🙏