पूर्वजांवर हसण्याचा अधिकार

‘मराठी माणसाला स्वतःवर हसता येत नाही, म्हणून आपल्याकडे “नॉर्समेन” होणार नाही,’ असं हल्ली मुंबई-पुण्याच्या चर्चांतून ठासून सांगितलं जातं. सांगणारे सुशिक्षित असतात आणि जगभरच्या मालिका पाहिलेले असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात राहून हे ऐकताना मला राग येतो. महाराष्ट्राच्या या पूर्व टोकाला दर दिवाळीनंतर गावंच्या गावं स्वतःवर हसतात, आणि त्याची दखल न घेता साऱ्या मराठी माणसांबद्दल निकाल दिला जातो.

‘नॉर्समेन’ मी आवडीने पाहिली. नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ती २०१६ मध्ये दाखवायला सुरुवात केली. योन इव्हर हेल्गाकर आणि योनास टॉर्गरसेन हे तिचे कर्ते. २०२० पर्यंत तिची तीन पर्वं झाली. इसवी सन ७९० मधलं नॉरहाईम नावाचं गाव, तिथले लुटीवर जगणारे वायकिंग आणि त्यांची घरगुती भांडणं, एवढाच ऐवज. गावप्रमुखाचा भाऊ ऊर्म भित्रा, पण सत्तेचा हावरा. रोमन नट रुफस गुलाम म्हणून आणला जातो आणि या दांडगटांना कला शिकवायची स्वप्नं पाहतो. कुऱ्हाडी चालवणारी ही माणसं बोलतात मात्र आजच्या कचेरीतल्या बैठकीसारखं. पराक्रमाच्या ज्या कथांवर जगभर भव्य मालिका निघाल्या, त्या कथांतली सगळी हवा नॉर्वेच्या लोकांनी स्वतःच काढून टाकली.

तरीही हसण्याचा मक्ता त्यांच्याकडे जात नाही. भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. दिवसा खडी गंमत, कुठे दंडार अशी लोकनाट्यं होतात आणि रात्री गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एखाद्या कंपनीचं नाटक लागतं ते पहाटेपर्यंत चालतं. खडी गंमतीचा शाहीर आणि त्याचे सोबती घरकुलाच्या यादीपासून रोजगार हमीच्या हजेरीपर्यंत कशालाही हात घालतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतली ही रंगभूमी तिकीट काढून येणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांवर उभी आहे. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने विचारलं, हे कोण? झाडीपट्टीत तो प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

हसण्याच्या तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की आंरी बर्गसाँचं नाव येतंच. १९०० मध्ये आलेल्या हास्यावरच्या पुस्तकात तो म्हणतो, की हसण्यासाठी हृदय काही क्षण बधिर व्हावं लागतं. ज्याची कीव येते त्याच्यावर हसायचं तर ती कीव तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते. त्याचं आणखी एक म्हणणं असं, की समाज हसून माणसाला शिक्षा करतो. जो यंत्रासारखा ताठर झाला त्याला हसून वळणावर आणतो. हा सिद्धांत नाट्यगृहातल्या अंधारात बसलेल्या प्रेक्षकाचा आहे. त्या प्रेक्षकाला रंगमंचावरच्या माणसाशी उद्या व्यवहार करायचा नसतो. मंडईत तसं नसतं. ज्या सरपंचाची फिरकी घेतली जाते तो पहिल्या रांगेत बसलेला असतो, वर्गणीही त्याने दिलेली असते. हसणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो, दोघांच्या बांध्यांमध्ये एकच धुरा असतो. सकाळी त्याच धुऱ्यावर दोघांची गाठ पडते. इथे हृदय बधिर करून चालत नाही. उलट, समोरच्याची पुरती ओळख असल्याशिवाय इथला विनोद कळतच नाही. सणाच्या गर्दीतलं हसू हसणाऱ्यालाही वगळत नाही, हे मिखाईल बाख्तिनने राबलेवरच्या ग्रंथात दाखवलं. मंडईच्या जवळ बर्गसाँपेक्षा तोच येतो.

पण एवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. खडी गंमत शेजाऱ्यावर हसते, आणि ‘नॉर्समेन’ पूर्वजांवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याला जड जाते हे मान्य करायला हवं. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं आणि थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं. नाना फडणविसांची बदनामी झाली, असा आक्षेप होता. १९८० मध्ये नाटक युरोपला निघालं तेव्हाही विरोध झाला. नॉर्वेत वायकिंग सगळ्यांचे पूर्वज मानले जातात, त्यामुळे त्यांच्यावरचं हसू सगळ्यांना वाटून जातं. आपल्याकडे पूर्वज जातींमध्ये वाटले गेले आहेत. एकाच्या आजोबावर दुसरा हसला की ते हसू राहत नाही, तो हल्ला ठरतो.

त्या मालिकेत कार्क नावाचा गुलाम आहे. मुक्ती मिळाल्यावर तो आपणहून पुन्हा गुलामीत येतो. मी त्याच्यावर हसलो, आणि मग तोच प्रसंग आमच्या मंडईत कल्पून पाहिला. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्याने १९५० नंतर संपली, पण मालगुजाराच्या वाड्यावर सालगडी म्हणून राबलेल्यांची मुलं-नातवंडं आजही गावात आहेत. मालगुजाराच्या नातवाने लिहिलेला कार्क त्यांच्यासमोर आला, तर ते का हसतील? नॉर्वेत आपण गुलामांच्या वंशातले, असं म्हणत कुणी अजून जखम बाळगून बसलेलं नाही. बाराशे वर्षांनी तिथलं हृदय बधिर केलं आहे. म्हणजे मंडईत न चालणारा बर्गसाँ पूर्वजांच्या बाबतीत बराचसा खरा ठरतो.

म्हणून माझं म्हणणं आता असं आहे: पूर्वजांवर हसण्याचा पहिला अधिकार त्यांच्या वारसांचा. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज येतो. तिथे त्यांचे पूर्वज आणि देव आहेत. त्यांच्यावर विनोद करायला बाहेरच्याने जाऊ नये. गोंडी बोलणारा एखादा तरुण उद्या आपल्याच पुरख्यांवर प्रेमाने हसला, तर तो त्याचा हक्क आहे आणि त्या विनोदाला मंच मिळाला पाहिजे.

टीव्हीवरच्या विनोदात हा वारसच नसतो. मराठी टीव्हीवरचं गाव बहुधा पश्चिम महाराष्ट्राचं. विदर्भ आला तर वऱ्हाडीच्या रूपाने. विनोदी नट भारत गणेशपुरे यांनी ती बोली घराघरांत नेली, याचा मला आनंद आहे. पण त्यापलीकडची झाडीबोली, पोवारी, गोंडी टीव्हीला ऐकूच आलेली नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, तरी वाहिन्यांच्या लेखी ती बोली जन्मलेलीच नाही. जिथे विदर्भाचं पात्र येतं तिथे त्याचा हेल हाच विनोद होतो. ‘नॉर्समेन’मध्ये प्रत्येक प्रसंग त्याच नटांनी दोनदा केला, एकदा नॉर्वेजियनमध्ये आणि एकदा इंग्रजीत. इंग्रजी बोलताना त्यांनी आपला नॉर्वेजियन हेल लपवला नाही, आणि मालिकेचा विनोद त्या हेलावर उभा नव्हता. जग त्यांच्या विचाराला हसलं. चित्रीकरणही राजधानीपासून दूर, पश्चिम किनाऱ्यावरच्या कार्मोय बेटावर झालं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ही जोखीम घेतली.

लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी आपल्याकडेही आहे. नागपुरात दूरदर्शनचं केंद्र आहे आणि वडशात नट, लेखक, वादक, नेपथ्यकार तयार आहेत. नाटकाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. उन्हाळा-पावसाळ्यात ही माणसं शेतावर किंवा मजुरीवर असतात. त्या महिन्यांत सह्याद्री वाहिनीने त्यांना तेरा भागांची एक मालिका द्यावी. लेखन त्यांचं, बोली त्यांची, गावही त्यांचंच असावं. मुंबईहून संवाद सुधारायला कुणी पाठवू नये. आणि मराठी माणसाला स्वतःवर हसता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दिवाळीत मुंबई-हावडा मार्गावरच्या सालेकसा स्टेशनवर उतरावं. मंडया सुरू झालेल्या असतील.