तळघरातलं मांजर

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर प्राणप्रतिष्ठा झाली, पहिली आरती झाली आणि घड्याळात साडेनऊ वाजले. त्याच मिनिटाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटली आणि भारतातून तिकडे जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरचं आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं.

"म्हणजे एकवीस मोदक पाठवले तर साडेदहा ट्रम्पसाहेब ठेवून घेणार," लालबागचा मित्र आरतीचं ताट फिरवता फिरवता म्हणाला. घर हसलं. दादरच्या मास्तरांना मात्र गणितातली चूक सहन होत नाही. "अरे, शुल्क आपण नाही भरत. तिथला मागवणारा व्यापारी भरतो. एकवीस मोदकांना त्याला साडेएकतीस मोदकांचे पैसे पडतील. मग तो म्हणेल, मोदक नकोत, व्हिएतनामचं काहीतरी द्या. मार बसतो तो असा." अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कारागिरांना नेमकी हीच धास्ती होती, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच आहे. विनोदाने सुरू झालेलं बोलणं दोन वाक्यांत पोटापाण्यावर आलं.

कॉलेजपासूनचे हे चौघे मित्र आता साठीपार आहेत. गिरगावचे यजमान बँकेतून निवृत्त झाले, मुलगी न्यू जर्सीत आहे. लालबागच्या मित्राचे वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांच्या घरात पगार आला नाही. मास्तरांनी चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. चौथी मैत्रीण परळच्या रुग्णालयात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला अजून सिस्टरच म्हणतात. दरवर्षी पहिल्या दिवशी गिरगावात भेटायचं आणि जेवणापर्यंत भांडायचं, हा शिरस्ता. अलीकडे भांडणाचा विषय बहुतेक वेळा अमेरिका असतो.

यात नवल नाही. मुंबईचं नशीब अमेरिकेच्या राजकारणाशी फार पूर्वी बांधलं गेलं. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं तसे शेअर कोसळले आणि शहरातल्या बड्या पेढ्या बसल्या. त्याच युद्धाकडे जोतीराव फुल्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. दूरच्या देशाकडे बघण्याच्या दोन्ही तऱ्हा आपल्याकडे तेव्हापासून आहेत.

त्या दिवशी पहिली फेरी लालबागकरांनी सुरू केली. "आपल्या बेळगावच्या माणसाने ट्रम्पवर महाभियोग लावला!"

"लावला की मांडला?" सिस्टरने विचारलं. "आणि कुठे वाचलंस?"

हा तिचा ठेवणीतला प्रश्न. बेळगावचा माणूस म्हणजे श्री ठाणेदार. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत. २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइटमधून, ते अमेरिकी संसदेवर निवडून गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं सादर केली हे खरं. पण मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावण्याचा आग्रह त्यांनी सोडला, कारण त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले सहकारी त्यांच्यावर नाराज होते. मास्तरांनी पुढचं सांगितलं: प्रतिनिधिगृहात साधं बहुमत लागतं, सिनेटमध्ये दोन तृतीयांश. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ मध्ये महाभियोग झाला आणि दोन्ही वेळा सिनेटने त्यांना सोडलं. लालबागकरांनी हात जोडले. "ठीक आहे, मांडला. पण माणूस आपला!" यावर दुमत झालं नाही.

मग मार्चमधला सिग्नल ॲपवरचा प्रकार निघाला. येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चालू असलेल्या, ट्रम्प सरकारातल्या वरिष्ठांच्या गटात 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग चुकून जोडले गेले आणि सगळं वाचत बसले. "आमच्या मंडळाच्या ग्रुपात समोरच्या मंडळाचा एक जण दोन महिने होता," लालबागकर म्हणाले, "मूर्तीची उंची फुटली तेव्हा कळलं." यजमानांना ठसका लागला.

अशा हसण्यात वावगं काहीच नाही. जगातला सर्वांत बलाढ्य देशही आपल्या मंडळासारखाच गोंधळ घालतो, हे कळल्याने माणूस थोडा निर्भय होतो. पण त्याच उत्साहात लालबागकरांनी मोबाइल काढला आणि एक जुनी चित्रफीत लावली. ट्रम्प यांच्या वाक्याला चाल लावून केलेलं गाणं, कुत्री-मांजरं खाण्याचं. "गेल्या गणपतीत मी हे मंडळाच्या ग्रुपात टाकलं होतं. लोकांनी नुसतं डोक्यावर घेतलं!"

सिस्टर हसली नाही.

ते वाक्य ट्रम्प कमला हॅरिस यांच्याबरोबरच्या वादसभेत बोलले, तेव्हा मुंबईत ११ सप्टेंबर २०२४ ची सकाळ होती, गौरीपूजनाची. ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात हैतीहून आलेले लोक रहिवाशांची पाळीव कुत्री-मांजरं खातात, असा दावा. सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे सांगितलं, की नगर प्रशासनाकडे याचा कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही. राज्याचे गव्हर्नर माइक डीवाइन ट्रम्प यांच्याच पक्षाचे, त्यांनीही हे खोटं ठरवलं. मूळ काय होतं? फेसबुकवरची एक नोंद: शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीचं मांजर हरवलं. म्हणजे चौथ्या तोंडची गोष्ट. लिहिणाऱ्या बाईंनी पुढे खेद व्यक्त केला, पण तोवर ती कोट्यवधी लोकांपर्यंत गेली होती.

गावात पुढे काय झालं, ते त्या गाण्यात नाही. बॉम्ब ठेवल्याच्या किमान तेहतीस धमक्या आल्या. सगळ्या खोट्या, पण त्यासाठी शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, नगरपालिकेची इमारत रिकामी करावी लागली. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या, बहुतांश कायदेशीर परवान्यावर आलेल्या माणसांपैकी काहींनी मुलांना घराबाहेर पाठवणं थांबवलं. उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या माणसांनी पुरावा म्हणून एक पोलीस तक्रार 'वॉल स्ट्रीट जर्नल'कडे दिली. वार्ताहर त्या तक्रारदार बाईंच्या दारात गेला. मांजर सापडलं होतं. त्यांच्याच घराच्या तळघरात, सुखरूप. बाईंनी मुलीला बरोबर घेऊन, मोबाइलवर भाषांतर करून, हैतीच्या शेजाऱ्यांची माफी मागितली होती.

त्या वार्ताहराचं दारापर्यंत चालत जाणं मोलाचं आहे. अमेरिकेतल्या प्रसारमाध्यमांबद्दल आपल्याकडे एक तर भक्तिभावाने बोललं जातं किंवा तुच्छतेने. दोन्ही अपुरं आहे. मतदान यंत्रांबद्दलच्या खोट्या दाव्यांना थारा दिल्यावरून फॉक्स न्यूजने एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून खटला मिटवला, तेही त्याच अमेरिकेत. खोटं पसरवणारे आणि दार ठोठावून विचारणारे एकाच धंद्यात आहेत, आणि आपण कोणाचं पुढे ढकलतो ते आपल्या अंगठ्यावर आहे.

"पण मी काय कुणावर आरोप केला?" लालबागकर म्हणाले. "विनोद होता गं."

"राईनपाड्याला पण काही जणांनी नुसतं पुढेच पाठवलं होतं," सिस्टर म्हणाली.

खोलीत एकदम शांतता झाली. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं आठवडी बाजारात आली आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवा पुढे पाठवणाऱ्यांना कोणी 'कुठे वाचलंस?' विचारलं असतं, तर ती पाच माणसं गाव सोडून पुढच्या गावी गेली असती. स्प्रिंगफील्डला आणि राईनपाड्याला संशय सारख्याच माणसांवर आला: परके, गरीब, वेगळी बोली बोलणारे. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले आजे-पणजेही कधीकाळी असेच परके होते, हे लालबागकरांना कोणी सांगायची गरज नव्हती.

जेवणं झाली. निवगऱ्या संपल्या, मास्तर खुर्चीतच पेंगले. लालबागकर मात्र मोबाइल घेऊन बराच वेळ बसले होते. मग त्यांनी मंडळाच्या ग्रुपात लिहिलं: 'गेल्या वर्षी टाकलेलं गाणं खोट्या गोष्टीवर होतं. मांजर बाईंच्या तळघरात सापडलं. माझी चूक.' सिस्टरला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.

पहिलं उत्तर आलं ते हसणारं तोंड. दुसरं मूर्तीच्या हाराबद्दल. तिसऱ्याने विचारलं, "दादा, कुठलं मांजर?"

लालबागकरांनी चष्मा पुसला, खुर्ची गॅलरीत नेली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.