पांढरीतली रेघ

आमच्याकडं जमीन दोनच तऱ्हेची. एक काळी, एक पांढरी. काळीत पिकायचं आणि पांढरीत राहायचं. गाव उठून दुसरीकडं गेलं तरी मागं पांढर उरते. भिंती पडतात, राख, शेण, भुसा सगळं कुजून एक होतं आणि करड्या मातीचं टेकाड तयार होतं. ही माती धाब्यावर टाकली की पाणी ठिपकत नाही, शेतात पसरली की खताचं काम करते. म्हणून गाडीवान पिढ्यान्‌पिढ्या पांढर उकरत आलेत. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही आणि मीही म्हणणार नाही.

मी शिकलो प्राचीन इतिहास आणि नोकरी केली भूसंधारणाची. कॉलेजात असताना दोन हिवाळे इनामगावच्या उत्खननावर होतो. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं हे गाव. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून खोदकाम चालवलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, बळदं. पुढं तिथं पुराचं पाणी वळवायला घातलेला बांध आणि पाटही उजेडात आला. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली असत. दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांच्या आत लेकरू. मेलेलं मूल घराबाहेर नेववत नसावं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

पुस्तकांनी पोट भरेना, म्हणून खात्यात लागलो. डंपी लेव्हल खांद्यावर घेऊन समपातळीच्या रेघा काढायच्या, त्या रेघांवर बांध घालून घ्यायचे. त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच खोऱ्यातल्या एका गावाला माझ्या मस्टरवर दीडशेवर माणसं होती. नवरा-बायको, सासू-सुना, एका टिकावावर दोघं. आठवड्याचं माप झालं की पैसे. माप चुकलं तर त्या आठवड्याला त्या घरात काय शिजायचं हे मला दिसत होतं, कारण मी गावातच मुक्कामाला होतो.

रेघ काढताना ती पांढरीच्या कडेवरून जातेय हे माझ्या लक्षात आलं होतं. खापरं पायाखाली वाजत होती. लाल, वर काळ्या रंगाच्या रेघा, बोटानं टिचकी मारली की खणखणणारी. जोर्व्याची खापरं ओळखायला मला दुसरं कुणी लागत नव्हतं. पण पातळी ही पातळी असते, ती कुणाचं घर बघून वळत नाही. मी खुंट्या ठोकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका म्हातारीचा टिकाव अडला. "सायेब, रांजण लागला." क्षणात गर्दी. हंडा, मोहरा, नाना बोलणी. मुकादमानं पार हातातली बिडी फेकली. मी खाली बसून हातानं माती सारली. दोन भांडी, तोंडाला तोंड. एकाला टिकावाचं भोक पडलेलं. आत चिमटीत मावतील अशा बरगड्या.

गर्दी मागं सरली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "लेकरू हाय. झाका त्येला. माझीबी दोन हायती, गोठ्यामागं."

अशी वस्तू निघाली की वर कळवायचं, एवढं मला ठाऊक होतं. कळवलं की काम थांबणार. साहेब येणार, मग आणखी मोठे साहेब येणार, पत्रं फिरणार. तोवर दीडशे माणसांनी काय करायचं? दुसरं गाव, दुसरं काम, पाच-सात कोस पायपीट. न कळवावं तर दोन हिवाळे जे शिकलो त्याच्यावर मीच टिकाव घातल्यासारखं. मेलेल्यांचं आपण काही देणं लागतो का, हा प्रश्न मी वर्गात ऐकला असता तर झोपलो असतो. तिथं उन्हात, दीडशे माणसं तोंडाकडं बघत असताना तो वेगळा वाटला.

आता मागं वळून बघताना एक सांगायला हवं. शास्त्र म्हणून खोदणारे आम्हीही काही वेगळं करत नव्हतो. एकदा उकरलेला थर परत लावता येत नाही. गाडीवान उकरतो आणि अभ्यासक उकरतो, यात फरक एका वहीचा. ती वही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण त्या पोराला दोघांनीही विचारलेलं नसतं. म्हातारीनं निदान झाकायला सांगितलं.

पुढल्याच वर्षी, १९७४ साली, प्रवरेकाठी दायमाबादला झाडाच्या बुडाशी खणताना एका शेतकऱ्याला ब्रॉंझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. साऱ्या जगात नाव झालं. ब्रॉंझ असतं तर मीही कळवलं असतं का? बहुतेक कळवलं असतं. म्हणजे माझी दया माणसांवर होती, की दोन खापरांसाठी कटकट नको होती, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मी केलं ते असं. भांडी होती तशी माती लोटून बुजवली. वही काढली, पण नोंद केली नाही. आणि त्या जागी वीसेक पावलं बांध तोडला, दोन्ही बाजूला सोडून पुढं चालू ठेवला. मापात बसवून घेतलं. कुणाचा रोज बुडाला नाही, लेकराची झोप मोडली नाही, असं स्वतःला सांगितलं.

बांधात खिंडार ठेवलं की पाणी सगळं तिथंच धावतं, हे मलाच तर खात्यानं शिकवलं होतं. चांगल्या पावसाच्या पहिल्याच वर्षी तिथं घळ पडली. पांढरीची कड गेली, खालच्या वावरातली मातीही गेली. मी तेव्हा बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात होतो. ऐकलं आणि गप्प बसलो.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो. टेकाड उरलंच नव्हतं, सपाट कांद्याचं रान. मालक तरुण होता, खालच्या वावरवाल्याचा नातू. बांधावर बसवून त्यानं चहा दिला. खापराचा एक तुकडा पायानं ढकलत म्हणाला, "काका, लय माती गेली आमची. आज्याला ती घळ भरायला धा वर्सं लागली. बांध नेमका हितंच कुनी तोडला हुता, काय कळत न्हाई. सरकारी काम."

"हो ना," म्हणालो आणि कप खाली ठेवला.